आयनं कमरेला बांधलेल्या नळ्या

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो खुरांच्या आवाजानं. घराला लागून पडवी, पडवीत बकऱ्या, आणि मध्ये नुसती कुडाची भिंत. पहाटे एखादी बकरी उठून अंग झटकायची, तिच्यामागून दुसरी, आणि मग सारवलेल्या जमिनीवर सगळ्यांची टपटप सुरू व्हायची. आय तोवर चुलीपुढे बसलेली असायची. तांदळाची भाकरी थापता थापता ती भिंतीपलीकडे बोलायची, "आले गं, आले. जीव जातोय का लगेच?" लहानपणी कितीतरी दिवस मला वाटायचं, ती हे मलाच म्हणते. बाबा खोपोलीला कारखान्यात कामाला होते. पाळी बदलेल तसे यायचे, जायचे. त्यामुळे घर चालायचं ते आयच्या आणि बकऱ्यांच्या वेळेनं. आधी पडवी झाडायची, मग पाणी भरायचं, मग बकऱ्यांना पाला टाकायचा, आणि त्यानंतर चहा. पाहुणा आला तरी हा क्रम बदलत नसे. चहाला दूध बकरीचंच. कॉलेजच्या हॉस्टेलवर पहिल्यांदा पिशवीच्या दुधाचा चहा प्यायले तेव्हा मला तो पाण्यासारखा लागला होता.

गाव आमचं कर्जतजवळच्या कळंबच्या अलीकडे. आता तिथे दोन्ही बाजूंनी रिसॉर्टच्या कमानी झाल्या आहेत, आणि शनिवारी गाड्यांची रांग लागते. तेव्हा भाताची खाचरं होती, मळणी उरकली की वाल पेरायचे, आणि थंडीत लग्नं सुरू व्हायची. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. हळदीला मटण हवंच, आणि त्या चार गावांत मटण म्हटलं की बकरे आयच्या पडवीतले. तिला त्याचा गर्व होता आणि तो तिला शोभायचा. तिच्या बकऱ्यांच्या अंगावर गोचीड सापडायचा नाही, डोळ्याला चिपड दिसायचं नाही. थंडीत एखादं पिल्लू गारठलं तर ती त्याला लुगड्याच्या आत पोटाशी धरून भाकऱ्या करायची. दोन भाकऱ्यांच्या मध्ये ते पिल्लू म्याऽ करून ओरडायचं, आणि आय म्हणायची, "झाला जिता."

बकरे न्यायला यायचे कासमभाई. कळंबच्या नाक्यावर त्यांचं मटणाचं दुकान. त्यांचे आजोबा श्रीवर्धनकडून इकडे येऊन राहिलेले. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यानं पुढे वाकावं. बकऱ्याच्या पाठीच्या कण्यावरून ते एकदाच बोटं फिरवायचे आणि किती मटण पडेल ते सांगायचे. आय त्यांना भाई म्हणायची, ते तिला वैनी. मी त्यांना चाचा म्हणायचे. मला गुरांच्या डॉक्टरकीला मुंबईत प्रवेश मिळाला तेव्हा गावात पेढे वाटले ते त्यांनी. "आपल्या धंद्यातला डॉक्टर व्हतोय," असं ते नाक्यावर सगळ्यांना सांगत होते.

मी तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या सबनीस मॅडम जिवाणूंचा विषय शिकवायच्या. धडधाकट दिसणाऱ्या बकऱ्यांच्या पोटात माणसाला बाधणारे कोणते जिवाणू असतात, याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. मी हळदीसाठी गावी निघाले तेव्हा त्यांनी मला झाकणाच्या काचेच्या नळ्यांचं एक खोकं दिलं. नळ्यांत पिवळसर पाणी होतं. "येताना तुझ्या गावच्या बकऱ्यांच्या लेंड्यांचे नमुने आण. नमुना यात टाकला की साल्मोनेला नावाचा जिवाणू असेल तर तो वाढतो आणि बाकीचे दबतात. पाणी लालसर झालं की समज काहीतरी वाढलंय. फक्त एक दिवस अंगाच्या तापमानाला ठेवायला हवं," असं त्यांनी समजावलं. मी ते खोकं घरी नेऊन फडताळात ठेवलं आणि हळदीच्या गडबडीत विसरूनही गेले.

हळद होती तात्यांच्या मुलाची. तात्या म्हणजे माझे थोरले काका, घर आमच्या घराला लागूनच. आयच्या पडवीतले सहा बकरे दिले होते. दुपारी कासमभाई आपली दोन माणसं घेऊन आले आणि तात्यांच्या परसात कापणं सुरू झालं. मटण तोडायला तात्यांच्या घरचाच चिंचेचा ओंडका होता. मी बायकांबरोबर हळद कुटत होते. मध्येच परसातून पोरांचा गलका ऐकू आला, कोणीतरी "पाणी आणा, पाणी" म्हणालं, आणि मी पाहिलं तर एका बकऱ्याचं पोट फुटून हिरवा चोथा पसरला होता. पाणी ओतलं, धुतलं, काम पुढे सुरू झालं. थोड्या वेळानं पुरुषांनी तिथेच निखाऱ्यांवर कलेजी भाजायला घेतली. वरून करपलेली, आतून अजून लाल. ती खायला गर्दी झाली. तात्यांनी आपल्या चार वर्षांच्या नातीला, गुड्डीला, मांडीवर बसवून हातानं भरवली. ती टाळ्या वाजवत होती. रस्सा मोठ्या टोपात दोन तास उकळत होता, त्याचा वास सगळ्या आळीत भरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून माणसं पडायला लागली. आधी पोटात मुरडा, मग जुलाब, मग थंडी वाजून ताप. नवऱ्या मुलानं तापातच माळ घातली. रविवारपर्यंत पंचवीस-तीस जण आजारी होते आणि त्यातल्या सात-आठ जणांना कर्जतला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. गुड्डीची अवस्था सगळ्यांत वाईट. डोळे खोल गेलेले, हाक मारली तरी बघत नव्हती. तिच्या एवढ्याशा हाताला सलाईनची सुई लावलेली पाहून तात्या व्हरांड्यात खाली बसले ते उठेनात.

तिथेच, त्या व्हरांड्यात, कोणीतरी म्हणालं, "कासमनं दुकानातलं शिळं मटण मिसळलं असणार." हे कोण म्हणालं ते मला आजही आठवत नाही. पण मग सगळे आयकडे बघायला लागले, आणि आयनं पदर सावरत सांगितलं, "माझे बकरे ताजे व्हते. सगळ्यांनी बघितलेत. सुरी लागल्यावर पुढं काय झालं ते मी काय सांगू?"

एवढंच बोलली. आयचा शब्द त्या चार गावांत चालायचा. सोमवारी सकाळपर्यंत कासमभाईंच्या दुकानात कोणी जायचं नाही असं ठरून गेलं होतं. दुकानाच्या फळीवर कोणीतरी शेण फेकलं.

मला ते पटत नव्हतं. चाचांवर माया होती हे खरं, पण पटत नव्हतं त्याचं कारण वेगळं होतं. मी स्वतः मटण-भात पोटभर जेवले होते आणि मला काहीच झालं नव्हतं. आयला नाही, घरातल्या कुठल्याच बाईला नाही. मी वही घेतली आणि घरोघर फिरले. काय खाल्लं, कोणाच्या हातचं, किती. लोक वैतागले. तात्या दवाखान्यातून आले होते, ते तर ओरडलेच, "पोरगी तिकडं मरायला टेकलीय नि तू जेवणाच्या पंगती मोजतेस?"

"तात्या, तुमी काय खाल्लंत तेवढं सांगा."

"मी नाय खाल्लं. मी गुड्डीला भरवलं."

"काय भरवलं?"

त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं. मग म्हणाले, "कलेजी."

संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत स्पष्ट दिसत होतं. कलेजी खाल्लेले जवळजवळ सगळे पडले होते. त्याच ओंडक्यावर चिरलेला कांदा ज्यांनी घेतला, त्यातलेही बरेच. नुसता उकळलेला रस्सा खाल्लेले उठून कामाला लागले होते. मटण शिळं असतं तर असं झालं नसतं. जे काही होतं ते कच्च्या मांसावर होतं आणि शिजल्यावर मरत होतं. आता ते कुठून आलं एवढंच शोधायचं होतं, आणि ते शोधायच्या नळ्या माझ्या फडताळात पडल्या होत्या. मला त्या क्षणी जराही शंका वाटली नाही. पुढच्या चाळीसेक वर्षांत मी कितीतरी तपास केले, पण इतकी खात्री पुन्हा फार थोड्या वेळा वाटली.

मंगळवारी सकाळी मी नमुने घेतले. तात्यांच्या ओंडक्याच्या फटीतून कापसाचा बोळा फिरवला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी गुड्डीचा नमुना दिला. मग कळंबला गेले. कासमभाई मटण टांगायच्या रिकाम्या आकड्यांखाली स्टुलावर बसले होते. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला आणि स्वतःच फळी उचलून दिली.

"घे. ओंडक्याचा घे, आकड्याचा घे, सुरीचा घे. माझ्या हाताचा पायजे तर तोपण घे."

शेवटी आयच्या पडवीत शिरले. ती पाणी भरत होती. "आय, आपल्या बकऱ्यांच्या लेंड्यापण नेते."

"ने की. त्यात काय निघायचंय?"

आता प्रश्न होता ऊब देण्याचा. थंडी कडक होती, आणि नळ्या एक दिवस अंगाच्या उबेत राहायला हव्या होत्या. कॉलेजात त्यासाठी यंत्राचं कपाट असतं. मी आधी पेंढ्याचं घरटं करून बघितलं, मग चुलीमागे ठेवून बघितल्या. तिथे फारच गरम. आय माझी धडपड बघत होती. मी सांगितलं, अंगाला असतं तेवढंच गरम हवं, कमी नको नि जास्त नको.

"मग अंगालाच बांध ना."

मी कमरेला बांधायला लागले तर तिनं खोकं माझ्या हातातून घेतलं. "तू दिवसभर हिंडणार. तुझे हात बघ कसे गार पडलेत. मी पिल्लं जगवलीत, ह्या नळ्या काय जड हायेत?" तिनं नळ्यांची झाकणं एकेक करून घट्ट आहेत का ते बघितलं, त्या बाबांच्या जुन्या धोतराच्या पट्टीत ओळीनं गुंडाळल्या आणि पोटाला बांधून वरून लुगडं नेसली. तो दिवस ती तशीच वावरली. जेवली तशीच, निजली तशीच, कुशीवर न वळता. तिला नक्की ठाऊक होतं की त्या नळ्या तिच्या बकऱ्यांची बाजू घेतील.

आज माझ्या हाताखालच्या कुणी मुलानं असं केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेच्या बाहेर काढलं असतं. एखादी नळी फुटती तर आयच गुड्डीच्या शेजारच्या खाटेवर गेली असती. तेव्हा मला हे सुचलंसुद्धा नाही. आता आमच्याकडे यंत्रं आहेत, जिवाणू वाढायची वाट न बघता काही तासांत सांगतात काय आहे ते. पण मुलांना शिकवताना मी अजून त्या पट्टीची गोष्ट सांगते, आणि लगेच दटावतेही, की असं करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आयनं पट्टी सोडली. काही नळ्या पिवळ्याच होत्या. काही विटेसारख्या लाल झाल्या होत्या. तिनं विचारलं, "चांगलं काय, लाल का पिवळं?" मी म्हटलं, "अजून सांगता येत नाय." ते खरंही होतं. लालमध्ये दुसरंही काही असू शकतं. पण चिठ्ठ्या मी चिकटवलेल्या होत्या आणि मला दिसत होतं कुठल्या नळ्या लाल आहेत.

कॉलेजात मॅडमनी मला स्वतःला सगळं करायला लावलं. नळीतला थेंब जिवाणू वाढवायच्या लाल तबकड्यांवर ओढला. दुसऱ्या दिवशी तबकड्यांवर काळ्या डोळ्यांचे ठिपके, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, उगवले होते. गुड्डीच्या तबकडीवर, तात्यांच्या ओंडक्याच्या तबकडीवर, आणि आमच्या पडवीतल्या तीन बकऱ्यांच्या तबकड्यांवर. कासमभाईंच्या दुकानाच्या तबकड्या साफ होत्या. मग काचेवर एकेका ठिपक्याला तपासणीचा रस लावला. नासक्या दुधासारखे कण धरले. साल्मोनेलाच होता. पुढच्या तपासणीत सगळीकडे एकाच जातीचा निघाला.

मॅडमनी काचांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. "ह्या तीन तुझ्या घरच्या ना?"

"हो."

"अहवाल मी लिहू?"

"नको, मॅडम. मीच लिहिते."

शनिवारी दुपारी घरी पोचले. गुड्डी त्याच सकाळी दवाखान्यातून आली होती, ओटीवर बसून पेज पीत होती. आय पडवीत पाला टाकत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि सरळ सांगितलं, की चाचांच्या दुकानात काही नाही, जे आहे ते आपल्या बकऱ्यांच्या पोटात आहे.

"खोटं," ती म्हणाली. "माझी एक बकरी आजारी नाय. बग डोळ्यांनी."

"त्यांना काय व्हत नाय, आय. पोटात राहतात, लेंडीतून पडतात. मांसाला लागले नि ते नीट शिजलं नाय, तर माणसाला बाधतात."

"मांसाला लेंडी लागंल कशी?"

"पोट फुटलं तर. त्या दिवशी फुटलेलं मी बघितलं."

तिच्या हातातला पाला खाली गेला. बकऱ्या त्यावर तुटून पडल्या. मग तिनं मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. कासमभाईंनी तिला बजावलं होतं, आदल्या संध्याकाळपासून बकऱ्यांना नुसतं पाणी द्या, चारा नको. पोट भरलेलं असलं की सुरीला फुटतं. तिनं मान हलवली होती. आणि सकाळी उठून सहाही जणांपुढे घमेलं भरून भिजवलेला कोंडा ठेवला होता.

"जायच्या दिवशी उपाशी कसं धाडू गं त्यांना? माझ्याच्यानं व्हईना." मग एकदम म्हणाली, "नि त्या नळ्या मी पोटाला बांधल्या."

ती आत गेली. त्या दिवशी माझ्याशी ती बोलली नाही. भाकरी वाढली, ताट पुढे सरकवलं, बस. मला वाटलं मी तिला दुखावलं, आणि खरोखरच दुखावलं होतं. तरी मी शब्द मागे घेणार नव्हते, आणि ती तसं मागणार नाही हेही मला कळत होतं.

रविवारी सकाळी तिनं बकऱ्यांचं उरकलं, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल." आम्ही दोघी चालत कळंबला गेलो. रविवारची वेळ, नाक्यावर माणसं भरलेली. चहाच्या टपरीवर आमच्या गावचे दहा-बारा जण होते, तात्याही होते. कासमभाईंचं दुकान उघडं होतं, एक बकरा टांगलेला होता, आणि दुकानापुढे कोणी नव्हतं. आय फळीपुढे जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मुळातच मोठा, त्या दिवशी तिनं तो आणखी चढवला.

"भाई, माझ्या बकऱ्यांच्या पोटात रोग व्हता. तुमी चारा नको बोललात, मी घातला. पोट फुटलं ते माझ्यामुळं. दवाखान्यात मी जे बोलले ते चुकीचं बोलले."

कासमभाई उठून उभे राहिले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. ते नेहमीसारखेच हळू म्हणाले, "वैनी, सुरी माझ्या हातात व्हती. भरलेलं पोट दिसत व्हतं मला. थांबवायला पायजे व्हतं मी."

"मग तुमी बोललात का नाय? आठ दिवस लोकांचं शेण झेललंत."

"पोरगी दवाखान्यात नि मी सांगत सुटू, का वैनींनी चारा घातला? त्यानं पोरगी बरी व्हणार व्हती का?"

आयनं पदरानं तोंड पुसलं. "अर्धा किलो द्या. नि कलेजी पण द्या. घरी नेऊन शिजवीन मी, चांगली." ती पुडी हातात घेऊन तिनं टपरीकडे बघितलं. पहिले उठले ते तात्या. ते येऊन आयच्या मागे रांगेत उभे राहिले.

सगळी माणसं कासमभाईंकडे परत आली असं मी म्हणणार नाही. काही घरं पुढे कायमची दुसरीकडे गेली. पण दुकान चाललं, आता त्यांचा मुलगा चालवतो. पडवीतल्या पाण्याच्या पिंपावर कोंबड्या बसायच्या, त्यांची घाण पाण्यात पडायची. तेच मूळ असावं असं मॅडमचं मत पडलं. आयनं त्याच आठवड्यात कोंबड्यांचं खुराडं परसाच्या टोकाला नेलं. पडवीतल्या लेंड्यांच्या माझ्या नळ्या तीन वेळा निर्मळ पिवळ्या निघाल्या, तेव्हाच तिनं पुन्हा बकरा विकला. मी पास झाले, मांसाच्या तपासणीतच नोकरी केली, कितीतरी कत्तलखान्यांत बूट घालून फिरले, मोठमोठ्या साहेबांना नको ते अहवाल दिले. कुणी आवाज चढवला तर मला नाक्यावरची आय आठवायची आणि मी शांतपणे कागद पुढे करायचे.

त्यानंतर वीस वर्षं आयनं बकरे विकले. बकरा जायचा असला की आदल्या संध्याकाळी त्याला वेगळा बांधायची आणि त्याच्यापुढे फक्त पाण्याची बादली ठेवायची. तो ओरडायचा. ती पडवीकडे पाठ करून चुलीपुढे बसायची, आम्हाला वाढायची, आणि त्या संध्याकाळी स्वतः जेवायची नाही.